प्रश्न वाचकांचे : साबुदाण्यासारखे फोड आणि त्यांच्या खालची टाकी

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच दुखण्याची आहेत. बाईच्या लघवीच्या जागेच्या बाहेरच्या ओठांवर पाणीदार फोडांचे घोस येतात, ते फुटतात, झिरपतात, पुन्हा येतात. दुखणं विरळ आहे, पण ज्या घरात आहे तिथे वर्षानुवर्षं कोणाला कळू न देता सोसलं जातं. म्हणून यावेळी पूर्ण जागा याच विषयाला देत आहोत. उत्तरं स्त्रीरोग आणि प्लॅस्टिक सर्जरी या दोन्ही बाजूंनी मिळून लिहिली आहेत.

माझं वय 36, दोन मुलं आहेत. चार वर्षांपासून डाव्या बाजूच्या ओठावर बारीक पाणीदार फोड आहेत. फुटले की चिकट पाणी वाहतं, दिवसाला तीन-चार पॅड लागतात. एका ठिकाणी चामखीळ समजून औषध लावून जाळले, दोन महिन्यांत परत आले. दोनदा थंडी वाजून ताप आला आणि तो भाग लाल होऊन सुजला. आता बायॉप्सीत ‘लिम्फँजिओमा सर्कमस्क्रिप्टम’ आलं आहे. हा कॅन्सर तर नाही ना? लग्नाआधी जांघेत टीबीच्या गाठी झाल्या होत्या, त्याचा काही संबंध? ऑपरेशन सांगितलंय, फार भीती वाटते.
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

ताई, हा कॅन्सर नाही. नावात ‘ओमा’, म्हणजे गाठ, आहे म्हणून घाबरू नका. हा संसर्गही नाही, म्हणजे तो तुम्हाला कोणाकडून लागलेला नाही आणि तुमच्यामुळे कोणाला लागणार नाही.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांबरोबर लसिकेच्या, म्हणजे लिम्फच्या, बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. पेशींच्या भोवती साचणारं पाणी त्या गोळा करतात आणि गाठींतून, या भागात जांघेतल्या, गाळून पुन्हा रक्तात सोडतात. ही वाट पुढे कुठे बुजली की पाणी मागे तुंबतं, वाहिन्या फुगतात आणि कातडीच्या अगदी वरच्या थरात त्यांचे पातळ फुगे तयार होतात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे जे दिसतात ते हेच. त्यात थोडं रक्त मिसळलं तर लालसर किंवा जांभळट दिसतात. जुने झाले की वरची कातडी जाड आणि खरखरीत होते, आणि मग ते हुबेहूब चामखिळीसारखे दिसू लागतात. तुमच्या बाबतीत चूक तिथेच झाली असावी.

टीबीचा संबंध असण्याची शक्यता चांगलीच आहे. टीबीने जांघेतल्या गाठी आतून खराब होतात, बऱ्या होताना कडक व्रण बनतात आणि लसिकेची वाट बंद पडते. फोड त्यानंतर बऱ्याच वर्षांनीही येऊ शकतात. आपल्या देशात या दुखण्याची आणखी दोन कारणं लक्षात ठेवावी लागतात. एक हत्तीरोग, मध्य प्रदेशात पन्ना, छतरपूर, टीकमगढ या भागांत तो आढळत आलेला आहे. दुसरं, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी झालेली शस्त्रक्रिया आणि शेक, म्हणजे रेडिएशन. काहींमध्ये मात्र कारण जन्मजात असतं.

ऑपरेशनच्या तारखेआधी या गोष्टी झाल्या आहेत ना ते पाहा. छातीचा एक्स-रे. जांघेत हाताला गाठ लागत असेल तर तिची सुईने तपासणी, आणि त्या नमुन्यावर टीबीची जनुकीय चाचणी. हत्तीरोगासाठी रक्ताची अँटिजेन कार्ड चाचणी, ती दिवसा केव्हाही होते. काचपट्टीवर रक्त घ्यायचं असेल तर ते रात्रीच घ्यावं लागतं, कारण हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू रात्री रक्तात उतरतात. ओटीपोटाची सोनोग्राफी. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या भागाचा एमआरआय.

टीबी अजून जिवंत असल्याचं निघालं तर आधी गोळ्या पूर्ण करायच्या: साधारण सहा महिने, त्यातले पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात. या गोळ्यांतल्या रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, हे सांगायचं बरेचदा राहून जातं. त्या काळात दुसरं साधन वापरा. टीबी बरा झाल्यावर फोड आपोआप जातील अशी आशा मात्र धरू नका. जंतू मरतात, बुजलेली वाट उघडत नाही.

ताप आणि लाली हा कातडीखालचा जंतुसंसर्ग आहे, डॉक्टर त्याला सेल्युलायटिस म्हणतात. फुटलेला फोड म्हणजे जंतूंना उघडं दार, आणि तुंबलेल्या पाण्यात ते झपाट्याने वाढतात. असा झटका आला की त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं. झटके वारंवार येत असतील तर दर तीन ते चार आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं 12 लाख युनिटचं इंजेक्शन काही महिने देण्याची पद्धत आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही ना, हे आधी सांगणं अत्यावश्यक. प्रत्येक झटका उरल्यासुरल्या वाहिन्याही खराब करतो, म्हणून हे झटके टाळणं हाही उपचारच आहे.

घरी सुईने फोड फोडू नका. जांघेतली खाज आणि ओल फंगसची समजून दुकानातून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावू नका. कातडी पातळ होते, फोड जास्त फुटतात आणि टाके धरायला चांगली कातडी उरत नाही.

याच दुखण्यासाठी एका डॉक्टरांनी लेझर सुचवलं, दुसऱ्यांनी कापून काढायला सांगितलं. लेझरला टाके नाहीत, लगेच घरी जाता येतं. मग कापायचं कशाला?
— एक वाचक, देवास

दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कोण बरोबर ते तुमचे फोड किती खोलवर गेले आहेत त्यावर ठरतं.

1976 साली संशोधक आय. डब्ल्यू. व्हिम्स्टर यांनी या आजाराच्या नमुन्यांचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं की कातडीवर दिसणारे फोड ही फक्त तोंडं आहेत. त्यांच्या खाली, चरबीच्या थरात, स्नायूचं अस्तर असलेल्या लसिकेच्या मोठ्या पिशव्या असतात. या पिशव्या आकुंचन पावतात आणि पाणी वर ढकलतात. गच्चीवरची टाकी भरलेली असताना खालचे नळ एकेक करून बुजवत बसलं तर पाणी दुसरीकडून फुटणारच. इथे टाकी खाली आणि नळ वर, एवढाच फरक.

कार्बन डायऑक्साइड लेझर कातडीतलं पाणी तापवून वरचा थर वाफ करून उडवतो आणि वाहिन्यांची तोंडं चिकटवून बंद करतो. फोड थोडे असतील, एमआरआयमध्ये खाली पिशव्या दिसत नसतील, किंवा बाईची प्रकृती मोठी भूल सोसण्यासारखी नसेल तर हा चांगला पर्याय आहे. जखम उघडी राहून आतून भरत येते, तीन ते सहा आठवडे लागतात. बहुतेकींना एकापेक्षा जास्त वेळा करावा लागतो, आणि दोन वेळांमध्ये जखम पूर्ण भरू द्यावी लागते. रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे विजेच्या लहरींनी, जाळणं याच जातीचं, खर्चाला कमी आणि जास्त ठिकाणी उपलब्ध. दोन्हींत एक गोष्ट न विसरता करायची: जाळण्याआधी तुकडा काढून बायॉप्सीला पाठवायचा. जळालेल्या ऊतीचं निदान करता येत नाही.

एमआरआयमध्ये खोल पिशव्या दिसत असतील, रोज पॅड भरत असतील, ओठ जाड होऊन लोंबत असेल, वारंवार ताप येत असेल, तर कापून काढणंच बरं. एक ऑपरेशन मोठं वाटतं, पण दर काही महिन्यांनी जाळत राहण्यात दरवेळी नवा व्रण पडतो आणि पुढच्या सर्जनला काम कठीण होत जातं.

पिशव्या मोठ्या, सोनोग्राफीत सहज सुई घालता येईल एवढ्या असतील तर त्यात ब्लिओमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन हे औषध टोचून त्या आतून चिकटवण्याचा मार्ग आहे. साबुदाण्याएवढ्या फोडांत मात्र सुई कुठे घालणार? ब्लिओमायसिन फुप्फुसांना बाधू शकतं, त्यामुळे त्याची एकूण मात्रा मर्यादेत ठेवावी लागते आणि दम्याची किंवा जुन्या टीबीची फुप्फुसं असतील तर आधी सांगावं लागतं. फार पसरलेल्या जन्मजात आजारात सिरोलिमसच्या गोळ्या देतात. त्या रोगप्रतिकारशक्ती कमी करतात. रक्ताच्या ठरावीक तपासण्यांशिवाय आणि तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय त्या घ्यायच्या नाहीत.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय काय करतात, हे कोणी नीट सांगत नाही. किती कापतात? लघवीची जागा, संवेदना, संबंध, बाळंतपण यावर परिणाम होतो का? भूल कोणती?
— वरच्याच पहिल्या वाचक

एकेक करून सांगतो, कारण माहीत असलेल्या गोष्टीची भीती निम्मी होते.

तारीख पाळी संपल्यानंतर लगेचची घ्या, म्हणजे पुढच्या पाळीपर्यंत जखमेला तीन आठवडे कोरडे मिळतात. शेवटचा तापाचा झटका येऊन किमान तीन-चार आठवडे झालेले असावेत. सुजलेल्या, लाल ऊतीत टाका धरत नाही, कापत जातो. हिमोग्लोबिन 10 च्या वर असावं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नका. तंबाखू, गुटखा, मिश्री बंद; निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि कडा काळ्या पडतात. घरी ब्लेडने केस काढू नका, बारीक चिरांतून जंतू शिरतात. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात मशीनने केस बारीक करतात, तेवढं पुरतं.

भूल बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर होतो आणि तुम्ही जाग्या असता. चिरा देण्याआधीच्या तासाभरात प्रतिजैविकाचा एक डोस शिरेतून जातो. मग लघवीच्या वाटेत नळी घालतात, त्यामुळे मूत्रमार्ग कुठे आहे ते सर्जनच्या हाताला सतत कळतं आणि नंतर जखमेवर लघवी पडत नाही.

आता आखणी. ही पायरी दिसायला क्षुल्लक, पण सर्वांत महत्त्वाची. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून कातडीखाली ॲड्रिनलिन मिसळलेलं पाणी टोचतात. ते टोचल्यावर भाग फुगतो आणि कडेचे टाचणीच्या डोक्याएवढे फोड दिसेनासे होतात. म्हणून आधी चांगल्या उजेडात, भिंगातून पाहून, शाईने रेघ मारायची आणि मगच टोचायचं. दिसणाऱ्या शेवटच्या फोडाच्या पुढे साधारण 1 सेंटिमीटर निरोगी कातडी घेतात. आतल्या बाजूला, मूत्रमार्गाचं तोंड आणि वरचा संवेदनशील भाग म्हणजे क्लिटोरिस यांच्यापाशी, हा नियम सैल करतात. तिथे दोन फोड मागे राहिले तरी चालतील, ते पुढे लेझरने उडवता येतात. तिथली नस गेली तर परत येत नाही.

चिरा दिल्यावर कातडी आणि तिच्याखालची चरबी एकाच तुकड्यात, स्नायूवरच्या पांढऱ्या अस्तरापर्यंत काढतात. वरवर सोलून काढलं की आजार परततो, कारण टाकी खालीच राहते. कापलेल्या कडांतून रक्ताशिवाय एक नितळ पाणी झिरपताना दिसतं. ती तोंडं एकेक करून बांधतात किंवा विजेने बंद करतात. घाईत हे राहिलं तर टाक्यांखाली पाणी साचतं, ताण येतो आणि जखम उघडते. काढलेल्या तुकड्याच्या एका टोकाला दोरा बांधून, वरची बाजू कोणती ती खूण करून तो पॅथॉलॉजीला पाठवतात, म्हणजे कुठल्या कडेला आजार उरला आहे ते कळतं. संपूर्ण तुकडा तपासायचा. फार जुन्या तुंबलेल्या भागात क्वचित दुसरं काही लपलेलं असू शकतं.

मग थरांत शिवण. आतली पोकळी बंद करायला विरघळणारे जाड टाके, कातडीला बारीक. बारीक भोकांची नळी आत ठेवून तिला दाबून ठेवलेला डबा जोडतात, तो साचलेलं पाणी ओढून घेतो. भोक मोठं असेल आणि कडा ओढून जुळवाव्या लागत असतील तर ओढायचं नाही; जांघेच्या आतल्या बाजूची किंवा नितंबाच्या घडीची कातडी चरबीसकट सरकवून आणतात. म्हणून अशा ऑपरेशनला प्लॅस्टिक सर्जन आधीपासून सोबत असावा. एका बाजूला दीड-दोन तास धरून चाला.

गर्भाशय, अंडाशय, योनीचा आतला मार्ग यांना हातही लागत नाही. पाळी येते, गर्भ राहतो. संबंध ठेवता येतात, फक्त सहा ते आठ आठवडे थांबायचं आणि सुरुवातीला व्रण ताठ वाटला तर पाण्यावर आधारित जेल वापरायची. कापलेल्या भागावर बधिरपणा काही महिने राहतो, थोडा कायमही राहू शकतो. एका बाजूचा ओठ सपाट होतो, लघवीची धार काही आठवडे तिरकी जाते. हे आधी माहीत असलं म्हणजे नंतर धक्का बसत नाही. पुढचं बाळंतपण नैसर्गिक होऊ शकतं. व्रण मऊ आहे की आखडलेला, ते आठव्या-नवव्या महिन्यात पाहून ठरवतात.

सुनेचं असंच ऑपरेशन झालं. सातव्या दिवशी खालच्या टोकाला टाके उघडले. पुन्हा शिवायला हवेत का? घरी काय काळजी घ्यायची? आमच्याकडे देशी संडास आहे आणि ती नोकरीला ॲक्टिव्हाने जाते.
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

काकू, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, तेही खालच्या टोकाला, टाके उघडणं हा या ऑपरेशनमधला सर्वांत नेहमीचा त्रास आहे. तिथे तीन गोष्टी एकत्र येतात: बसताना पडणारा ताण, लघवीची ओल आणि शौचाची जवळीक. सर्जनना दाखवा, पण लगेच पुन्हा शिवून घेण्याचा आग्रह धरू नका. ओल्या, जंतू बसलेल्या जखमेवर घातलेला टाका पुन्हा सुटतो, शिवाय आतला पू कोंडून ठेवतो. एक-दोन सेंटिमीटरची फट स्वच्छ ठेवली तर तळातून लाल, दाणेदार मांस येत तीन-चार आठवड्यांत भरते. फट मोठी असेल तर ती स्वच्छ झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी शिवतात.

दरवेळी लघवी झाल्यावर कोमट पाण्याने धुवायचं, तांब्याने वरून धार सोडून, पुढून मागे. एका वाटीत पाणी उकळून थोडं गार करून ठेवलं तर बरं. डेटॉल, सॅव्हलॉन, हळद-तेल, फिटकरी यांपैकी काही नको. नवी येणारी कातडी त्याने जळते. मऊ सुती कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. मग दहा मिनिटं तसंच मोकळं, पंख्याखाली. नायलॉनची चड्डी नको, सुती आणि सैल. पॅड दर तीन-चार तासांनी बदलायचं, भरलं नसलं तरी.

देशी संडासावर उकिडवं बसणं तीन आठवडे पूर्ण बंद. भोक असलेली खुर्ची कमोडवर किंवा देशी भांड्यावर ठेवता येते, वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळते. कुंथायला लागू नये म्हणून रात्री इसबगोल दोन चमचे भरपूर पाण्याबरोबर, किंवा डॉक्टर देतील ते लॅक्ट्युलोज. मांडी घालून बसणं, जमिनीवर बसून भाजी चिरणं, फरशी पुसणं, हे चार आठवडे नाही. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. चालायचं मात्र दुसऱ्या दिवसापासून, घरातल्या घरात का होईना. पडून राहण्याने पायाच्या शिरांत गुठळी होते.

ॲक्टिव्हा सहा आठवडे नाही. सीटवर नेमका तोच भाग दाबला जातो, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाचा धक्का टाक्यांवर बसतो. सिटी बस, रिक्षा चालेल, तीही तीन आठवड्यांनंतर.

टाक्यांखालची डब्याची नळी ठेवूनच घरी पाठवलं असेल तर रोज एकाच वेळी डब्यातलं पाणी मोजून वहीत लिहायचं. सलग दोन दिवस 24 तासांत 30 मिलिलिटरपेक्षा कमी आलं की ती काढतात. वहीतला आकडा वर-खाली होत असेल तर घाई करायची नाही; नळी लवकर काढल्याने पाणी साचतं आणि सगळं पुन्हा सुरू होतं.

लगेच दवाखाना गाठायचा तो अशा वेळी: 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, लाली मांडीकडे पसरत जाणं, घाण वासाचा पू, तासाभरात पॅड रक्ताने भरणं, लघवीची नळी काढल्यावर सहा तास लघवी न होणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं. यातली शेवटची गोष्ट ‘चालून पाय दुखत असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

मुलगी 13 वर्षांची. जन्मापासून एका बाजूला थोडी सूज होती, आता फोड आले आहेत. दुखत नाही, कधीतरी पाणी येतं. पुढे लग्नात अडचण नको म्हणून आत्ताच ऑपरेशन करून टाकावं का?
— एक आई, रामबाग, इंदूर

आत्ताच नको, जर ताप येत नसेल आणि पाणी थोडंच येत असेल तर. या वयात ओठांची वाढ अजून चालू असते. अर्धवट वाढलेल्या भागातून किती काढावं याचा अंदाज चुकतो, आणि व्रण वाढीबरोबर ताणला जातो. पाळी सुरू होऊन अंगाची वाढ स्थिरावेपर्यंत थांबता आलं तर आकार जास्त चांगला राहतो. तोवर एकदा एमआरआय करून ठेवा; जन्मजात प्रकारात पसारा ओटीपोटापर्यंत किंवा मांडीत गेलेला असू शकतो आणि बाहेरून तो कळत नाही. वर्षातून एकदा त्याच भागाचा फोटो डॉक्टरांच्याच कॅमेऱ्यात, तुमच्या परवानगीने, तुलनेसाठी. मोबाइलवर तो कोणालाही पाठवू नका, नातेवाईक डॉक्टरलाही नाही.

ताप येऊन सूज आली, शाळेत पॅड लावून जावं लागलं, किंवा ती स्वतः टाळाटाळ करू लागली, तर वाट पाहू नका. थांबणं हा तिच्या भल्याचा हिशेब आहे, सहन करायला लावण्याचा नाही.

तपासणी बाहेरूनच होते. आत काही घालावं लागत नाही. तुम्ही शेजारी उभ्या राहा, बाई डॉक्टर मागा. आणि तिला तिच्या भाषेत सांगा की यात तिची काही चूक नाही. मुली विचारत नाहीत, पण मनात हेच घेऊन बसतात. लग्नाच्या दृष्टीने म्हणाल, तर हा आजार मूल होण्याच्या आड येत नाही.

आईला (वय 61) बारा वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन आणि शेक झाला. आता दोन्ही ओठांवर असे फोड आणि एका पायाला सूज. कॅन्सर परत आला का?
— एक वाचक, महू

बहुधा नाही, पण ‘बहुधा’वर थांबायचं नाही. ओटीपोटातल्या गाठी काढल्या आणि वर शेक दिला की लसिकेची वाट दोन्हीकडून बंद होते, म्हणून पाय सुजतो आणि बऱ्याच वर्षांनी फोड येतात. तरीही दोन-तीन वेगवेगळ्या जागांची बायॉप्सी, आतून तपासणी आणि ओटीपोटाचं सीटी किंवा एमआरआय झाल्याशिवाय उपचार ठरवू नका.

शेक बसलेल्या कातडीचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो. तिथली मोठी चीर महिनोन्महिने भरत नाही. म्हणून यांच्यात लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने, एका वेळी थोडा भाग, हा मार्ग आधी. कापायचंच ठरलं तर शेकाच्या बाहेरची, चांगल्या रक्तपुरवठ्याची कातडी आणून लावावी लागते. पायाच्या सुजेसाठी फिजिओथेरपिस्टकडून पट्ट्या बांधणं आणि लसिकेचा हलका मसाज शिकून घ्या.  पायाच्या बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या बऱ्या ठेवा, संसर्ग तिथूनच चढतो.

पत्नीला हे झालंय. आमच्या घरात कुजबुज आहे की हे बाहेरख्यालीपणाने होतं. मला खरं काय ते कळायला हवं.
— एक वाचक, इंदूर

हे संबंधातून होत नाही. साहेब, हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवा. संबंधातून येणारी चामखीळ भरीव असते, तिच्यातून नितळ पाणी येत नाही. हर्पीसचे फोड दुखतात, एक-दोन आठवड्यांत सुकतात, मग कधीतरी परततात. मोलस्कम या विषाणूमुळे होणाऱ्या त्वचारोगाच्या दाण्याच्या मध्ये बारीक खळगा असतो आणि आत पांढरा गर. हे फोड महिनोन्महिने तिथेच असतात आणि पाणी गळतात. शंका उरलीच तर बायॉप्सीचा कागद ती मिटवतो. संबंध ठेवल्याने तुम्हाला काही होणार नाही. फोड ओले किंवा दुखरे असतील तेव्हा तिच्यासाठी थांबा.

ऑपरेशननंतर परत येतं का? आणि आयुष्मान कार्डावर होतं का?
— दोन वाचकांचे प्रश्न एकत्र

परत येऊ शकतं, खोलवर काढलं तरी. कारण काही वाहिन्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत आणि मूळ बुजलेली वाट तशीच असते. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि मग दरवर्षी दाखवा. व्रणाच्या कडेला चार-दोन फोड उगवले तर ते ऑपरेशन फसल्याचं लक्षण नाही. लहान असतानाच दाखवले तर बाह्यरुग्ण विभागातच तेवढाच भाग बधिर करून उडवता येतात. घोस होईपर्यंत थांबलात तर पुन्हा टेबलावर.

इंदूरमध्ये एम.जी.एम. मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या एम.वाय. रुग्णालयात चौकशी करताना त्वचारोग विभागापासून सुरुवात करा. निदान तिथे पक्कं होऊन पुढे चिठ्ठी मिळते. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्डासोबत मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी, बायॉप्सीचा मूळ रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी न्या. मंजुरी दाखल होण्याआधी घ्यायची असते. खासगी विमा असो की योजना, डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘वारंवार जंतुसंसर्ग आणि लसिकेची गळती’ असं स्पष्ट लिहून घ्या, किती झटके आले आणि रोज किती पॅड लागतात ते आकड्यांत. नुसतं ‘ओठाची वाढ’ असं लिहिलं गेलं की अर्ज सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनच्या खात्यात जातो आणि परत येतो. म्हणून पॅडची वही आजपासून ठेवा, तारीख आणि आकडा, एवढंच.